विनायकदादांनी चालवून टाकलेलं नाणं

वहिनी, करजणहून आलेले पाहुणे, आणि आपल्या मांजलपूरच्या सोसायटीतली सगळी मंडळी. मी श्रीकांत, दादांच्या खालच्या मजल्यावरचा. अजून जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, दादाच आले. मला असं उभं राहून बोलता येत नाही. पण आज बोललो नाही तर पुढे कधीच बोलणार नाही.

विनायकदादा बडोद्याच्या रिफायनरीत फिटर होते. निवृत्तीनंतर टाकसाळीत चुकून बिघडलेली नाणी जमवायचे. आपण हसायचो. 'दादा, लोक चांगली नाणी जमवतात, तुम्ही ही असली?' ते म्हणायचे, 'अरे, बरोबर नाणी पोत्यानं मिळतात. मशीन चुकलं ते एखाद्याच वेळी.' मलाही त्यांनीच नाद लावला. भिंग धरायला शिकवलं. ताकीद एकच. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

मंडळी, मी तोंड उघडलं.

गेल्या दिवाळीत दादांना सुट्ट्या पैशांत दोन रुपयांचं एक नाणं मिळालं. एका बाजूला नेहमीचे सिंह. दुसऱ्या बाजूला दोनचा आकडाच नाही! तिथेही सिंहच, पण उलटे आणि आत खोल गेलेले. टाकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, की पुढच्या नाण्यावर असा ठसा उमटतो. पण दोन नाणी वाइसच्या लोखंडी पकडीत आवळूनही लोक तसा ठसा काढतात. दादा धावतच खाली आले. मला बँकेत जायची घाई होती. मी खोलगट बाजू तेवढी पाहिली आणि म्हणालो, 'दादा, हे वाइसचं काम.'

'नक्की?'

'नक्की.'

त्याच संध्याकाळी त्यांनी ते माझ्यासमोर भाजीवालीला दिलं. दोनचा आकडा दिसेना म्हणून ती म्हणाली, 'काका, आमां बगडो क्यां छे?' दादा म्हणाले, 'चालशे, बेन.' आणि कढीपत्ता घेऊन निघाले.

महिन्यापूर्वी एका जुन्या संग्राहकानं मला समजावलं. वाइसमध्ये दाबलेल्या नाण्याची दुसरी बाजू चेपते. खऱ्या चुकीत ती जशीच्या तशी राहते. घरी येऊन दादांनी त्या दिवशी फोनवर पाठवलेले नाण्याचे फोटो काढले. सरळ सिंहांची बाजू लख्ख होती, जराही चेपलेली नव्हती. भाजीवालीकडे धावलो. 'ए तो क्यारनो गयो, भाई.' नाणं केव्हाच पुढे गेलं होतं.

मग महिनाभर मी रोज दादांच्या दारात जायचो. कधी पाण्याचं बोललो, कधी लिफ्टचं. कशाला भीत होतो मी? दादा रागावले असते? दादा कधी कुणावर रागावले? उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत राहिलो. आणि सोमवारी दादा गेले.

काल वहिनींनी त्यांची वही माझ्या हातात दिली. 'भाऊजी, यातलं तुम्हालाच कळेल.' प्रत्येक नाण्याला एक पान. त्या नाण्याच्या पानावर एवढंच लिहिलंय : 'श्रीकांत म्हणतो, नकली. श्रीकांतची नजर पक्की आहे.'

तेव्हापासून सुट्टे हातात आले की मी एकेक नाणं उलटून बघतो. ते बडोद्यातच कुठेतरी फिरत असेल. कदाचित आत्ता तुमच्यापैकी कुणाच्या खिशात असेल. घरी गेल्यावर बघा. दोन्ही बाजू बघा. सापडलं तर वहिनींना आणून द्या, मी हात जोडतो.

वहिनी, मला माफ करा.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. दारात उभं राहून महिनाभर जे म्हणता आलं नाही, ते मला मनात म्हणू द्या. दादा, तुमचं नाणं खरं होतं.