पत्र्याची ठोकठोक

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडवर, रांगेत मागून मराठी ऐकू आली. पुण्याहून नुकत्याच आलेल्या श्रीरंगने सभ्यपणे मान समोर ठेवली आणि कान मागे पाठवले. मागे एक म्हातारी होती आणि तिचा टायवाला मुलगा.

“आई, नव्या फ्लॅटमध्ये दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही.”

“मग दिवसभर काय ऐकू? तू तर नऊलाच जाणार.”

“इथे खालच्या वर्कशॉपात सारखा पत्रा ठोकतात!”

“म्हणून तर डोळा लागतो. ठोकायचं थांबलं की दचकून उठते मी.”

“लोक बेल न वाजवता घरात शिरतात.”

“शेजारची शिवलीला शिरते. तिनं बेल वाजवली तर मी विचारीन, कोण गेलं गं?”

“ते काही नाही. टेम्पोत सामान भरलंस ना?”

“भरलं की. तू आणलेला सोफा, काचेचं टेबल, ते आरशाचं कपाट.”

“आणि तुझं?”

“माझं घरात आहे. आता स्वल्प पाय पसरायला जागा झाली. चढ, बस आली.”

“अगं, आणि तू?”

“मी तुला घालवायला आलेय, अभिजीत. सोफा नीट उतरवून घे.”