रोह्यात बसवलेली क्लच प्लेट

—नाय नाय साहेब, क्लच रोह्याला बसवला होता हे आधी सांगायचं ना! आता गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर सांगताय. रितेशकडं ना? माझा सख्खा धाकटा भाऊ तो. पाना धरायला मीच शिकवला, याच पेणच्या गॅरेजात – आणि आता जुनी फोर-व्हील जीप म्हटली की नागोठण्यापासून सगळे त्याच्याकडं. का? तर म्हणे हात चांगला हाय. चांगला हाय तर वर्षाच्या आत प्लेट कशी जळली? थांबा, त्याची चूकच दाखवतो तुम्हाला.

ही बघा. काळी ठिक्कर. वास येतोय ना? इंजिनाचं ऑइल गळलं असंल – नाय, सुकं हाय. बेअरिंग जुनंच ठेवलं असंल – नाय, नवं हाय, फिरतंय पण छान. फ्लायव्हीलसुद्धा लेथवर घासून घेतलंय. च्यायला! साहेब, गागोद्याकडचा चढ कसा चढता तुम्ही? पाय क्लचच्या पेडलवरच ठेवून? व्हय ना? मग तुम्हीच जाळलीत. गिअर पडला की पाय बाजूला घ्यायचा, तिथं विसावा नाय द्यायचा. रितेशचं काय – बरं हाय त्याचं काम.

जरा बॅटरीचा उजेड अलीकडं धरा. इथं, कडेला. ही खूण – कावळ्याच्या पायासारखी. प्रेशर प्लेट काढली की परत तशीच बसावी म्हणून छिन्नीनं मारतात. रितेश साधी रेघ मारतो, मी पण. ही आमच्या बाबांची खूण हाय.

तिथं एक म्हातारा होता काय? बनियनवर, जाड चष्मा? गाडीखाली झोपून काम करणारा? रितेशला शिव्या देत हसत होता? – व्हय, खूश असले की तसंच करतात. मला म्हणाले, "गोविंदा, हात थरथरतात रे, आता काम नाय व्हायचं." मी लगेच व्हय म्हटलं. खुर्ची दिली, पंखा लावून दिला, पान्याला हात लावू दिला नाय. गणपतीला रोह्याला गेले ते आलेच नायत – आणि तिथं गाडीखाली! मला कधी एक शिवी नाय दिली हो. एक पण नाय.

माझं नाव काढलं काय त्यांनी? थोरला पेणला असतो, त्याचं पण गॅरेज हाय – असं काय?

...असू दे. बॅटरी ठेवा तिथं. प्लेट पनवेलहून मागवतो, उद्या संध्याकाळी या. एसटी मिळंल अजून. जा तुम्ही.