सर हयात आहेत का?

नोव्हेंबर आला की निवृत्त शिक्षकांच्या घरी हयातीच्या दाखल्याचीच धावपळ असते, तेव्हाची ही गोष्ट. राऊत सर, म्हणजे तलासरीच्या शाळेत आमच्या ह्यांच्याबरोबर शिकवणारे, पेन्शनरांच्या ग्रुपवर सावधगिरीच्या सूचना टाकतात आणि त्या वाचल्या का हे बघायला घरोघर जातात. त्या दिवशी ते आमच्याकडे चहा घेत होते आणि माझा फोन वाजला.

"मॅडम, पेन्शन ऑफिसमधून बोलतोय. सरांचा हयातीचा दाखला आला नाही. आज पेन्शन बंद होईल."

स्पीकर चालू होता. राऊत सर कप ठेवून उठलेच. "वहिनी, ठेवा फोन! हाच तो चोर."

मला ठेववेना. ह्यांच्याबद्दल सगळे 'होते' म्हणूनच बोलायचे. मी खोलीत फेऱ्या मारत विचारलं, "मग काय करावं लागेल?"

"काही नाही. मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा. सर जिवंत आहेत असं सिस्टीममध्ये टाकतो. दोन मिनिटांचं काम."

"वहिनी, अख्खं खातं साफ होईल!" राऊत सर कळवळले.

"दोन मिनिटांत होतील ना जिवंत?" मी फोनवर विचारलं. "कारण मार्चमध्ये त्यांच्या अस्थी आम्ही धाकटी डहाणूच्या खाडीत सोडल्यात. नक्की होणार असतील, तर लगेच सांगते नंबर."



मग तो हळूच म्हणाला, "सॉरी, काकू." आणि त्यानेच फोन ठेवला.