राघूचं पोट

माझं माहेर शिंदखेड्याकडचं, एवढंसं खेडं, नाव सांगून बी तुम्हाला कळायचं नाही ताई, आणि सासर हे जळगाव. तुमच्यासमोर नीट बोलायला बघते, पण मायचं नाव निघालं की अहिराणीच येते तोंडात, तेवढं सांभाळून घ्या. पेटीचं विचारता ना, पेटी आता इथं नाही, नातीबरोबर धुळ्याला गेली, पण सांगते, पहिल्यापासून सांगते.

आमच्या वेळी लग्नात पोरीला पत्र्याची पेटी द्यायचे आणि झाकणाला आतून चित्राचा कागद चिकटवायचे, म्हणजे पेटी उघडली की समोर काहीतरी चांगलं दिसावं. बियाण्याच्या दुकानातून एक कॅलेंडर आलेलं, फांदीवर दोन राघू, हिरवेगार. मायनं ते वर्षभर गुंडाळी करून जपलं, माझ्यासाठी. लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, फाल्गुनातलं ऊन, तिनं घाईघाईत पिठाची खळ शिजवली, कागद चिकटवला आणि लवकर वाळावा म्हणून पेटी ठेवली उन्हात. संध्याकाळी बघते तर काय, डाव्या राघूचं पोट टम्म फुगलेलं, आत हवा राहिली, आणि शेपटीपाशी दोन सुरकुत्या. मी सोळा वर्षांची, घातली डोक्यात राख. बायामाणसांसमोर मी मायला म्हणाले, इतलं बी जमत नही का तुले? आते सासरना लोक हासतीन माले. माय हाताला लागलेली खळ पदराला पुसत राहिली. ते पुसणं मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी निघताना पेटी गाडीत चढवली, मी तोंड फिरवून बसलेली, तर ती जवळ आली आणि म्हणाली, आखाजीले येशी तवय मी नीट करी देसू, आते जाय बेटा. मी तिच्याकडं बघितलं सुद्धा नाही.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तेव्हा सासरी गेलेल्या बठ्ठ्या, सगळ्याच पोरी माहेरी येतात, झोके खेळतात, मी बी दिवस मोजत होते. मनात ठरवून ठेवलेलं, गेल्या गेल्या गळ्यात पडायचं, चुकलं म्हणायचं. आणि चैत्रात निरोप आला, माय गेली. दोन दिवसांचा ताप, बस. काय सांगू तुम्हाला, आखाजी यायला पंधरा दिवस होते.

सासरी माझी नणंद पेटी उघडून आल्यागेल्याला दाखवायची, हाई पाहा, वहिनीना राघू गाभन शे! बठ्ठ्या हसायच्या, मी बी हसायचे, मग मोरीत जाऊन रडायचे. मनात घेतलं, हे काम शिकायचंच. बाजारामागं एका मारवाडी शेठचा पेट्यांचा कारखाना होता, तिथं कागद लावायला बाया घ्यायचे, मी गेले. म्हातारे नाना होते शिकवायला, बोलायचे कमी, चूक झाली की नुसतं खाकरायचे.

त्यांनी शिकवलं ते असं, की आधी पत्रा सोड्यानं धुवायचा, तेलकटपणा राहिला की कागद धरत नाही. खळ मैद्याची, ताकासारखी पातळ, गाठ नको, आणि किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. कागद कोरडा लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून जरा थांबायचं, त्याला पाणी पिऊ द्यायचं, कागद पाण्यानं वाढतो ताई, त्याला आधीच वाढू दिलं की नंतर सुरकुती पडत नाही. मग फडक्याची पुरचुंडी घेऊन मधून काठाकडं, मधून काठाकडं, हवा बाहेर काढत जायचं. आणि वाळवायचं सावलीत. ऊन नको, पंखा नको, काठ आधी वाळले की मधली हवा अडकली म्हणून समजा. एवढं करून बी फुगा राहिलाच तर बारीक सुई, तिरपी टोचायची आणि बोटानं दाबायचं, झालं. तीस वर्षं केलं मी ते. माझ्या हातच्या पेट्या चाळीसगावला गेल्या, वरणगावला गेल्या, एकीला फुगा नाही.

नाना म्हणायचे, तुझी पेटी आण, दोन मिनिटांचं काम आहे. मी आज आणते, उद्या आणते करत राहिले. नाही नेली. माय म्हणाली होती ना, मी करी देसू. मग दुसऱ्यानं कशाला हात लावायचा? तिचं तेवढं एक काम माझ्याकडं बाकी राहिलं, ते बी मीच उरकून टाकू?

तर ही माझी नात, कोमल. लाकडाच्या ट्रेवर, डब्यांवर रंगीत कागद लावते, त्याला काही इंग्रजी नाव आहे, माझ्या जिभेला वळत नाही. आधी बाटलीतला पांढरा गोंद थापायची आणि कूलरसमोर ठेवायची, सगळे फुगेच फुगे. मीच बसवलं तिला जवळ, बठ्ठं शिकवलं, सुईसकट. यंदा फाल्गुनात तिचं लग्न झालं. आदल्या दिवशी म्हणाली, आजी, मला तुझी ती जुनी पेटी दे. मी हो म्हटलं आणि जरा वळले, तर ही सुई घेऊन राघूच्या पोटाशी. मी असा फटका मारला हातावर! हळद लागलेली पोर, रडायलाच लागली. मग सांगितलं तिला. तुम्हाला सांगितलं तेच, पन्नास वर्षांत कुणाला नव्हतं सांगितलं, यांना बी नाही.

तिनं सुई परत डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसली, पेटी मांडीवर घेतली आणि काच खाली करून म्हणाली, आजी, आखाजीला पेटी घेऊन येते, तुझ्या हातानं नीट करून दे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, देसू बेटा. निघाल्यावर कळलं, हा तर मायचाच शब्द.

तेव्हापासून बघा, बीपीची गोळी वेळेवर घेते, सुनेला ओरडावं लागत नाही. ऊन चढलं की ओट्यावर सुद्धा जात नाही. मैदा चाळून डब्यात भरून ठेवलाय. राघूचं पोट बसवीन की तसंच ठेवीन, ते आत्ता नाही सांगत तुम्हाला. पण ती पेटी उघडेल तेव्हा मी समोर असले पाहिजे. आखाजीला नऊ दिवस राहिलेत.