चांदणीला वरातीला कोणी धाडलं?

अंदाज चुकला म्हणे ताईंचा! मालक, फोटोला हार घातलात आणि तोच हात वर करून हे बोललात? जीव मीनलताईंचा गेला, वर चूकही त्यांचीच?

मंडळी, तुम्ही पार मुलुंडहून इथं गोराईला आलात. मी शेवंता. घोड्यांचं शेण काढते, चारा घालते. चौथी शिकले. भाषण येत नाही मला. रडू आलं तर थांबेन, पण आज गप्प बसणार नाही.

ताई तुमच्या पोरांना उपचाराला चांदणीवर बसवायच्या, ताठलेले पाय घोडीच्या चालीनं सैल व्हायचे. पण पोराला बसवण्याआधी ताई घोडीला विचारायच्या. हात मानेवर, नजर कानांवर. कान मागे पडले की सगळ्यांना परत पाठवायच्या. 'आज चांदणी नाही म्हणते.' तुम्ही चिडायचात, 'अहो, दोन बस बदलून आलोय!' ताई हसायच्या. 'मग तुम्हीच समजवा तिला.'

आणि मला विचारायच्या, 'शेवंता, काल कशी होती गं?' मी सांगेन ते खरं धरायच्या.

त्या सोमवारीही विचारलं. रविवारी संध्याकाळी चांदणी वरातीला गेली होती. नाचणाऱ्यांनी तिच्या पोटाखाली फटाक्यांची माळ पेटवली. लगाम असा खेचला की जीभ फाटली. रक्त गळत परत आली. मालक म्हणाले, 'धू तिला. ताईला बोलायचं नाही.' मी धुतली. आयाळीतली चमकी वेचून काढली.

ताई म्हणाल्या, 'कान असे का गं हिचे?'

मी म्हटलं, 'माशा आहेत.'

ऐकलंत? मी म्हटलं. मी.

छोटी सई पाठीवर बसली. पलीकडच्या बंगल्यात फटाका फुटला. चांदणी मागच्या पायांवर उभी राहिली. ताईंनी सईला ओढून माझ्या अंगावर फेकलं. मग दोन्ही खूर ताईंच्या छातीवर उतरले. पुन्हा उतरले. हाडं मोडतात ना, त्याचा आवाज येतो, मंडळी. तोंडातून रक्ताची गुळणी आली, आणि ताई विचारतात, 'सईला लागलं का?'

हा अंदाज चुकला?

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मालक, तुम्हीपण उठा.

बसा आता. आणि ऐका, मालक. माझं खोटं मी सकाळीच चौकीत लिहून दिलंय, खाली सही केलीय. घोडी वरातीला कोणी धाडली, ते तुमच्या हातानं लिहिलेलं ताईंच्या आईला शनिवारपर्यंत मिळालं पाहिजे. देताय की नाही?