आईच्या मोठ्या फायली

हॅलो?

हां, बोल… पाहिले तुझे फोन. मुद्दाम नाही उचलले… हो, मुद्दाम.

बरी आहे… जेवले… अगं, जेवले म्हटलं ना.

मामांकडे गेले होते सकाळी. तिथे आईचं गाणं लागलं होतं… आपल्या आईचं, आणखी कोणाच्या? टेपवरची सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली ना आपण, त्या दिवशीच मी एक मामांच्या पेन ड्राइव्हवर घालून दिलं होतं. गाडीत ऐकायला… तुला नाही आठवणार. तू खाली गाडी लावायला जागा शोधत होतीस.

अगं ऐक ना. मधे मधे नको बोलू आज.

मी टेबलाशी बसून मटार सोलत होते. आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी आई श्वास घेते ना, तो ऐकू आला. पेटीच्या भात्याची फसफस ऐकू आली. तिची बांगडी लाकडाला लागते, ती सुद्धा. शेंग तशीच राहिली माझ्या हातात.

हो, मला. कानात मशीन नसताना.



छे, कसले चांगले स्पीकर. साधा खोका आहे मामांचा, एका बाजूने चिकटपट्टी लावलेला… तेच तर म्हणतेय मी. माझ्याकडे एवढे महागाचे स्पीकर, आणि त्यांच्यावर तेच गाणं लावलं की आई शेजारच्या घरात गातेय असं वाटतं.

मग घरी येऊन दोन्ही लावून पाहिलं. मामांची फाइल, आणि तुझ्याकडे ठेवलेली डिस्क तू परत दिलीस ना, तिच्यावरची. नाव तेच. शेपटीला तेच, फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळता ठेवलेली. आकारानेही जवळपास सारख्याच. मग दोन्हींचा आलेख काढला… येतो मला. क्लासच्या पोरांना सूर डोळ्यांनी दाखवायला शिकले होते ना. मामांच्या गाण्याचा आलेख वरपर्यंत, अगदी उंच आवाजांपर्यंत जातो, खालीवर, झुपकेदार. तुझ्या डिस्कवरच्या एकूण एक गाण्याचा वरून कापलेला. सुरी फिरवल्यासारखा सरळ.

चिमे, या मूळ फायली नाहीत.

मला काय विचारतेस? तू सांग.

हं… हं… म्हणजे सहलीच्या व्हिडिओंनी डिस्क भरली. आणि तुझ्या यजमानांना वाटलं, एकच गाणं दोन-दोनदा कशाला हवंय. म्हणून मोठ्या उडवल्या, आणि तू फिरायला जाताना फोनवर ऐकायला बारीक करून घेतल्या होत्यास त्या ठेवल्या… नको, त्यांच्यावर नको ढकलू. त्यांना काय कळतं त्यातलं. माणसाच्या हातून चूक होते.

पण मी डिस्क मागितली, तेव्हा तू काय केलंस?… मोठ्याने बोल… बारीक होत्या त्या परत मोठ्या केल्यास.

"भरून येतील असं वाटलं"? अगं, पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दाट होतं का? बारीक करताना जे गाळलं ते गेलं… बरं, नव्हतं माहीत. नव्हतं असंच धरून चालू. मग नावं का बदललीस? मी दिलेली जुनी नावं एकेका गाण्याला परत टाकत बसलीस ना? मला कळू नये म्हणूनच ना?

हं. आता बोल.

टेप कुठून आणू? रेकॉर्डिंगवाले आधीच म्हणाले होते, एकदाच वाजेल, मग पट्टीवरचा थर सुटेल. सुटला. मशीनमधला भुगा झाडला त्यांनी, तू होतीस की तिथे… केला, त्यांना दुपारीच फोन केला. एवढी वर्षं कोण ठेवतं लोकांचं?

नाही गं, नुसत्या गाण्यांचं असतं तर रडले असते आणि गप्प बसले असते. मी तुला म्हटलं होतं, हल्ली आईचा श्वास ऐकू येत नाही. तू काय म्हणालीस?… आठवतंय तुला, सांग… हां. "वय झालं ताई, कान दाखवून घे."

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर कोण आलं होतं? माझी पर्स मांडीवर घेऊन बाहेर कोण बसलं होतं? ते बिचारे सांगत होते, वयाच्या मानाने उत्तम आहेत कान. आणि जिना उतरता उतरता तू म्हणालीस, हे वरवर बघतात, आपण दुसरीकडे जाऊ. दुसऱ्याने मशीन गळ्यात मारलं. तेव्हाही नाही बोललीस.

थांब, इस्त्री चालू राहिलीय… हं.

मी क्लास बंद केला, चिमे. पोरं सूर लावायची आणि मला वाटायचं, आईचा श्वास ज्या बाईला ऐकू येत नाही ती यांच्या चुका काय काढणार? पालकांना बोलावून सांगितलं, माझे कान गेले. सगळ्यांसमोर. पेटी तुझ्या लेकीला दिली. तू न्यायला आलीस, चहा घेतलास, आणि म्हणालीस, बरं केलंस, मान आहे तोवर थांबलीस.

कसं आलं गं तुझ्या तोंडात?

भीती? माझी?… काय केलं असतं मी? ओरडले असते. चार दिवस बोलले नसते आणि पाचव्या दिवशी मीच फोन केला असता. आजवर दुसरं काय केलंय?

केसाने गळा कापलास माझा.

नको, येऊ नकोस… पेटी पण नको आणू. पोरगी शिकतेय, तिचं मन कशाला मोडायचं?… क्लासची पोरं गेली कधीच दुसऱ्या बाईंकडे. आता कुठल्या तोंडाने बोलावू? काय सांगू, कान परत आले?

कोणतं, मामांकडचं?… हो, घेतलंय मी. दोन ठिकाणी ठेवलंय… नाही. तुला नाही देणार… तुझीही आई होती, कोण नाही म्हणतंय. तरी नाही.

चिमे?…

हात ठेवलास ना फोनवर… आता नळ सोडलास.

असू दे. नळाच्या आवाजातही कळतंय मला, रडतेयस ते.

ठेवते.