नातं लागत नाही

बँकेच्या फॉर्मचा विषय तू काढलास म्हणून सांगतो. माझी ताई जर्मनीत शिकते. तिला पैसे पाठवायचे म्हणजे शहरातल्या सदर भागात बाबांची बँक आहे, तिथे चकरा. कारण लिहा, नातं लिहा, सही करा. घरी येऊन बाबा चिडायचे, “माह्या पोरीले पैसे पाठवतो, यायले काहून सांगू?”

शेवटी मी म्हटलं, या वेळी क्रिप्टोनं पाठवू. ताईनं तिच्या वॉलेटचा लांबलचक पत्ता पाठवला. एक अक्षर चुकलं तर पैसे परत येत नाहीत, म्हणून बाबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी बटण दाबलं. थोड्या वेळात ताईचा मेसेज आला, ‘मिळाले.’

बाबा मोबाईलकडेच पाहून राहिले होते.

“अन् नातं कुठी लिहाचं?”

“यात नातं लागत नाही, बाबा.”

“म्हणजे पोरगी माही कोण लागते, हे कोणीच नाही इचारत?”

“नाही.”

पुढच्या खेपेला मी मोबाईल काढला, तर बाबा चप्पल घालून तयार. “चाल, सदरले जाऊ.”

“त्यांच्या विचारण्याचाच तर तुम्हाला राग येत होता.”

“इचारू दे गा,” बाबा म्हणाले. “सांगाले बरं वाटते.”